नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे

ठाण्याच्या कळव्यात पोहण्याजोगे पाणी कोणते असे विचारले, तर कोणीही तरण तलावाकडे बोट दाखवील आणि खाडीचे नाव काढताच नाक मुरडील. सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला हा निवाडा अर्धाच पटतो. खाडी टाळावी हे खरे, पण ती गढूळ आहे म्हणून नव्हे; आणि तलाव निळाशार दिसतो म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे पाण्याची पारख मोजमापानेच व्हायला हवी आणि ते मोजमाप पाण्यात उतरणाऱ्याला वाचता यायला हवे.

खाडीतला गढूळपणा बराचसा गाळाचा असतो. धोका असतो तो मैलापाण्याचा. अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि पुढे या नदीचा एक अरुंद फाटा कळव्यावरून ठाणे खाडीत जातो. भरती दोन्ही बाजूंनी आत येत असल्याने इथली घाण ओहोटीबरोबर पुरती निघून जात नाही. उघड्यावरच्या स्नानासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष १०० मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म जंतू ५०० किंवा त्याहून कमी असा आहे. बहुतेक कोलिफॉर्म स्वतः निरुपद्रवी असतात, पण त्यांची मोठी संख्या म्हणजे मैला मिसळल्याचा इशारा, आणि मैल्यासोबत विषमज्वर व कावीळही येऊ शकते. ऊन आणि खारे पाणी जंतू मारते, हा आक्षेप निराधार नाही. पण मैल्यातल्या जंतूंपैकी ई. कोलाय खाऱ्या पाण्यात लवकर मरतो, एन्टेरोकोकाय जास्त टिकतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या मार्गदर्शिकेत समुद्राच्या पाण्यासाठी एन्टेरोकोकायची कसोटी धरली. ‘आमचे आजोबा इथेच पोहले’ असेही म्हटले जाते. पण आजोबांच्या खाडीत आजच्या एवढ्या वस्तीचा मैला येत नव्हता.

तरण तलावाची भिस्त क्लोरीनवर असते आणि क्लोरीनची ताकद पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे यावर. पीएच ७.५ असताना मुक्त, म्हणजे अजून खर्ची न पडलेल्या, क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो, ८.५ ला तो दहा टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणजे क्लोरीनची पावडर तेवढीच टाकूनही पाणी असुरक्षित राहू शकते. क्लोरीन योग्य असले, तरी सगळे जंतू सारखे मरत नाहीत. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये ई. कोलाय मिनिटभरात संपतो, जिआर्डिया हा परजीवी मरायला सुमारे ४५ मिनिटे लागतात, तर जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम दहा दिवसांपर्यंत तग धरतो. त्यावरचा खरा उपाय पोहणाऱ्याच्या हाती आहे: जुलाब होत असताना आणि थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये.

उग्र वास आला की क्लोरीन भरपूर आहे, असा एक समज आहे. तो वास बहुधा क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ते तयार होते. वास उग्र असेल, तर क्लोरीन घाणीशी झुंजण्यात खर्ची पडते आहे असे समजावे. आधी अंघोळ करा, ही सूचना यासाठीच असते. प्रयोगशाळेचा अहवाल येतोच, मग आणखी मोजायचे कशाला, असेही कोणी विचारील. जंतू वाढवून पाहायला एक-दोन दिवस लागतात. अहवाल हाती येतो तेव्हा ते पाणी शेकडो जण वापरून गेलेले असतात. अहवाल देखभालीची तपासणी म्हणून हवाच, पण आज उतरावे की नाही, हे क्लोरीन आणि पीएचची काठावरची मिनिटभराची चाचणीच सांगू शकते.

म्हणून प्रत्येक तरण तलावाच्या दाराशी एक फलक असावा: मुक्त क्लोरीन किती, पीएच किती, मोजले किती वाजता. यासाठी मोठा खर्च नाही, नव्या यंत्रणेची गरज नाही. मुलांना पोहायला पाठवणाऱ्या पालकांनी शुल्काची पावती घेताना हे तीन आकडे मागून घ्यावेत, आणि ते मिळेपर्यंत मुलांना पाण्यात उतरवू नये.