परातीच्या मापाचा ओटा

इंटिरिअर डिझायनर म्हणून दारावर पाटी लावायला भारतात कोणाचीही परवानगी लागत नाही. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने राखून ठेवली आहे. नोंदणी नसताना ती लावली तर गुन्हा ठरतो. अंतर्गत सजावटीला असं कुंपण नाही. त्याच १९७२ साली या व्यवसायातल्या लोकांची ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही संस्था उभी राहिली, पण तिचं सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. हिंगोलीत कोणी उद्या फ्लेक्स छापला, तर त्याला अडवणारं कोणी नाही. अडचण पाटी लावल्यानंतर सुरू होते.

जिल्ह्यातल्या बहुतेक मुलामुलींची वाट शाळेतल्या चित्रकलेच्या सरांपासून सुटते. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, दहावीला वाढीव गुण पडले, की घरात विषय निघतो: पुढे काय? मुंबईचं सर जे. जे., अहमदाबादची एनआयडी, आयआयटी मुंबई २०१५ पासून घेत असलेली यूसीड परीक्षा ही नावं तोपर्यंत मोबाइलवर कळलेली असतात. प्रत्यक्षात बरेच जण नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात पदविका करतात, एखाद्या फर्ममध्ये ऑटोकॅड आणि स्केचअपवर वर्ष-दोन वर्षं राबतात आणि मग परत यायचं की तिथेच राहायचं, या प्रश्नाशी येतात. परत येणाऱ्याकडे लोक अपयशी म्हणून पाहतात. या क्षेत्रात अनेक वर्षं काढलेल्या माणसाचं मत विचाराल, तर शिकायला मिळतं ते परत आल्यावरच.

पहिलं काम ओळखीतूनच येतं. याची लाज वाटायचं कारण नाही. अमेरिकेत या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देणारी एल्सी डी वुल्फ मुळात रंगभूमीवरची नटी. १९०५ साली न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबचं काम तिला मिळालं, तेही स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुविशारदाने शब्द टाकला म्हणून. हिंगोलीत तो शब्द मामा टाकतो. दवाखाना, मोबाइलचं दुकान, कोचिंग क्लास, ब्यूटी पार्लर अशा दहा बाय बाराच्या गाळ्यांपासून सुरुवात होते. घराचं काम मिळायला वेळ लागतो, कारण घर सुताराकडे आधीच गेलेलं असतं.

सुतार मिस्त्री हा नव्या डिझायनरचा पहिला प्रतिस्पर्धी आणि पहिला शिक्षक. तो मजुरी सांगतो, प्लायवूडची यादी देतो, डिझाइन मोबाइलवर दाखवतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. घरमालक मग डिझायनरला सरळ विचारतो, ‘नुसत्या कागदाचे कशाचे पैसे?’ यावर भाषण देऊन उपयोग नसतो. यादी उघडावी लागते. स्वयंपाकघराच्या सिंकखाली आयएस ३०३ चं साधं प्लाय लिहिलं असेल, तर तिथे आयएस ७१० चं पाणी सोसणारं का हवं आणि बैठकीतल्या टीव्ही युनिटला तेच महागडं प्लाय का नको, हे आकडे मांडून दाखवलं की कागदाची किंमत कळते. दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनचा प्रश्नही इथेच सोडवलेला बरा. ते घ्यायचं असेल तर मालकाला सांगून घ्यावं. गाव लहान आहे, महिन्याभरात कळतंच.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. शहरातल्या कॅटलॉगमध्ये ओट्याची उंची चौतीस इंचांच्या आसपास असते. भाजी चिरायला ती ठीक. पण भाकरी थापताना हाताचा जोर वरून यावा लागतो. पाच फूट उंचीच्या बाईने चौतीस इंचांवर परात ठेवली की खांदे वर जातात, कोपर उचलतं आणि चौथ्या भाकरीला मान भरून येते. म्हणून माप घेताना टेप आधी भिंतीला लावायची नाही. जी रोज भाकरी करते तिला परात घेऊन उभं करायचं, पीठ मळायला लावायचं आणि तिच्या कोपरापासून खाली मोजायचं. ओट्याचा एक तुकडा तीन-चार इंच खाली उतरवला तर काम भागतं. परात मोठी असेल तर ओट्याची खोलीही वाढवावी लागते, नाहीतर तिचा काठ बाहेर येतो.

दुसरी गोष्ट कोठीची. वर्षाचा गहू, ज्वारी, तुरीची डाळ भरून ठेवणारी घरं वसमत-कळमनुरीकडे आजही आहेत. मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्यांमध्ये चमचे, बरण्या, मसाल्याचे डबे बसतात. दोन पोती गहू कुठे ठेवायचा याचं उत्तर तिथे नसतं. जुन्या घरांत धान्य साठवायला बळद असायचं. ते गेलं आणि पत्र्याची कोठी जिन्याखाली, बाल्कनीत किंवा चक्क पाहुण्यांच्या खोलीत आली. भाव चढेल म्हणून हळद विकायची थांबवली असेल, तर तिच्या पोत्यांसाठी कोरडी, हवा खेळती जागा वेगळीच लागते. नकाशात हे सगळं आधी बसवावं, सोफा मागाहून.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि सिमेंटचा स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री खोलीत ओततो. जुनी माळवदं मातीच्या जाड थरामुळे थंड राहत, हे खरंच. मात्र माळवदाचं कौतुक करताना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट विसरता येत नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड छपरं हीच तिथे हजारोंच्या मरणाला कारण झाली. आजच्या घरात गच्चीला पांढरा थर, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली आणि समोरासमोर झडपा एवढं केलं तरी फरक पडतो. नेमकं हेच कोणी मागत नाही. मागणी असते पीओपीच्या सीलिंगची. दहा फुटांच्या खोलीत ते नऊ इंच खाली आणलं की पंखाही तेवढाच खाली येतो.

असं सीलिंग टाळायला आणखी एक कारण इथलंच आहे: भूकंप. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड परिसर ४.५ रिश्टरच्या धक्क्याने हादरला, पाठोपाठ ३.६ चा दुसरा बसला. १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का आला आणि त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यात होता. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेड प्रशासनाने पत्र्याच्या छपरांवर ठेवलेले दगड काढून घ्यायला लोकांना सांगितलं होतं. घराच्या आतही असे दगड असतात: भिंतीला न आवळलेलं सात फुटी कपाट, पलंगाच्या डोक्यावरचा काचेचा शेल्फ, माळ्यावरची पितळी भांडी. चार अँगल आणि योग्य लांबीचे स्क्रू, एवढ्याने कपाट जागचं हलत नाही.

वास्तुशास्त्राचा विषय प्रत्येक घरात निघतो. वाद घालू नये. देवघर ईशान्येला बसत असेल तर बसवून टाकावं. बसत नसेल तेव्हा मात्र एक गोष्ट उपयोगी पडते. नामदेव महाराजांसाठी औंढ्याचं देऊळच फिरलं आणि म्हणून नंदी मागे राहिला, अशी कथा या भागात घरोघरी सांगतात. एवढं देऊळ फिरू शकतं, तर दोन बाय दोनच्या देवघराला कोपरा बदलायला हरकत नसावी. आजी हसल्या की नकाशा मंजूर.

पैशाचं वेळापत्रक शेताकडून ठरतं. सोयाबीन ऑक्टोबरात हाती येतं. हळद जानेवारी ते मार्चमध्ये निघते. पुढे ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात जाते. मुलाचं लग्न उन्हाळ्यात, म्हणून नव्या जोडप्याची खोली त्याआधी तयार हवी. सगळी कामं एकदम येतात आणि राजस्थान-उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर होळीला गावी निघून जातात. पुण्याच्या फर्ममध्ये शिकलेलं महिनावार हप्त्यांचं कोष्टक इथे चालत नाही. काम ठरताना एक हप्ता, प्लाय उतरल्यावर दुसरा आणि हळद विकल्यावर तिसरा, असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तर वसुली होते. शेवटची थोडी रक्कम तरीही अडकतेच. म्हणून हुशार मंडळी कपाटांची हँडलं आणि छतातले दिवे ती मिळाल्यावरच बसवतात.