बाबांची कंबर आणि मागचे शॉकअप

मागच्या शनिवारी पुण्याहून हिंगणघाटला घरी गेलो. बाबांनी शेतावर जायला एक जुनी स्प्लेंडर घेतलीय. तेव्हापासून त्यांची कंबर दुखतेय. "गाडी बेस हाय रे, माही कंबरच बुढी झाली," हे त्यांचं निदान. आईचं निदान, मणक्याचा डॉक्टर.

मी आधी गाडीमागे उकिडवा बसलो. (इंजिनिअर असल्याचा तेवढाच उपयोग!) बघतो तर काय... डाव्या शॉकअपची स्प्रिंग उजव्यापेक्षा जाड तारेची! आधीच्या मालकाने एकच बदललेला, तोही भलत्याच गाडीचा. डावा शेवटच्या खाचेवर, उजवा पहिल्या. उजव्याच्या दांडीवर तेलाचा ओघळ. म्हणजे पांदणीतला प्रत्येक खड्डा थेट बाबांच्या मणक्यात.

खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते, असं मलाही कॉलेज संपेपर्यंत वाटायचं. तसं नसतं. तार तीच, वेटोळी तीच. स्प्रिंग फक्त आधीच थोडी दाबली जाते, म्हणून ओझ्याखाली गाडी कमी बसते. आणि गळका शॉकअप कुठल्याच खाचेने बरा होत नाही.

रविवारी स्प्लेंडरचीच नवी जोडी टाकली. बाबा एकटे असले की दोन्ही दुसऱ्या खाचेवर, वेचणीच्या दिवसांत आई मागे बसली की दोन्ही चौथ्या. पाना कसा फिरवायचा तेही दाखवलं. बाबा वावरापर्यंत चक्कर मारून आले, गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाले, "म्हंजे कंबर गाडीचीच गेली होती!"

आईने डॉक्टरचा नंबर मात्र तसाच ठेवलाय. बुधवारचा.