महूची वाट आणि एक हजाराचे चलान

लांबच्या प्रवासाला पहाटेच निघावे, हे आम्हाला दरवर्षी कळते आणि दरवर्षी आम्ही ते विसरतो. 2024 सालीही तेच झाले. 13 एप्रिलला आमच्या नाशिकच्या वस्तीतील पाच घरे मिळून महूला निघालो. 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला ते हे गाव. 2003 पासून त्याचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले, पण आमच्या तोंडी अजून महूच आहे. भाड्याने क्रूझर ठरवली होती. पहाटे पाचची वेळ होती. कुणाच्या भाकरी व्हायच्या होत्या, कुणाच्या आजीचा चष्मा सापडत नव्हता. गाडी हलली तेव्हा दहा वाजले होते.

रस्ता जुना मुंबई-आग्रा. मालेगाव, धुळे मागे पडले. शिरपूरच्या अलीकडे तापी लागली. पळासनेर सोडले की महाराष्ट्र संपतो आणि सातपुड्याचा घाट चढून गाडी सेंधव्यात उतरते. पुढे खलघाटला नर्मदा. सकाळी गोदावरी, दुपारी तापी, संध्याकाळी नर्मदा, असा हा प्रवास आहे. मग विंध्याचा चढ चढला की माळव्याचे पठार येते, आणि त्या पठारावर महू.

शिरपूरला जेवणात तासभर गेला. मग आमचा धीर सुटला. रात्रीचा कार्यक्रम चुकेल, मुक्कामाला जागा मिळणार नाही, अशी कुरकुर मागच्या सीटवरून सुरू झाली. गाडी चालवणारा पोरगा आमच्याच वस्तीतला. दिवसाला सहाशे रुपये हजेरी. "जरा दाब ना रे भाऊ," आम्ही म्हणालो. एकदा नाही, चारदा म्हणालो. सेंधव्याच्या पुढे एका गावाजवळ आमच्यातल्या तिसरीतल्या पोरीने रस्त्यावरची पाटी मोठ्याने वाचली, "गति सीमा चालीस." आम्ही हसलो. हिंदी छान वाचते म्हणून तिचे कौतुक केले. गाडी मात्र तशीच पळत राहिली.

महूला रात्री पोहोचलो. जन्मभूमी स्मारक पांढऱ्या संगमरवराचे आहे. 1991 मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि 14 एप्रिल 2008 रोजी लोकार्पण. दिव्यांच्या उजेडात ते पाहिले आणि दिवसभराचा शीण गेला. परराज्यांतून आलेल्या माणसांशी मोडक्या हिंदीत बोललो, पंगतीत जेवलो, आजीने पायरीवर डोके टेकले. जन्म सार्थकी लागला, असे ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मानपूरच्या पुढे गणपती घाटाचा उतार लागला. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी हा उतार बदनाम होता. इथेही कुणीतरी घाई लावली. तेव्हा तो पोरगा प्रथमच बोलला, "मावशी, इथं मी कुणाचंच ऐकणार नाही." खालच्या गिअरमध्ये त्याने गाडी सावकाश उतरवली. आम्ही गप्प बसलो.

बारा दिवसांनी, 25 एप्रिलला, गाडीमालकाच्या मोबाईलवर मध्य प्रदेशातले चलान आले. वेगमर्यादा ओलांडली, दंड एक हजार. मालकाने पोराला सांगितले, "तुझ्या हजेरीतून कापतो." म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. रात्री तो आमच्या दारात उभा राहिला. तक्रार नव्हती, नुसते विचारले, "हे खरं असेल का, काकी?"

प्रश्न योग्यच होता. मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्याच नावाने दुसराही एक निरोप आला होता, सोबत एक फाईल उघडायला सांगणारा. असल्या फाईलने बँकेतले पैसे उडतात. आमच्या कॉलेजातल्या पोरीने ती उघडू दिली नाही. तिने सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे टाकले. खरे चलान तिथे होते. फोटो, ठिकाण, तारीख, वेळ, वेग, सगळे. नंबरप्लेट आमच्याच गाडीची. वेळ पाहिली आणि ती पाटी आठवली.

काही शेजारी म्हणाले, "परराज्यातलं आहे, सोडून द्या. कोण येतंय इथवर?" तसे नसते. गाड्यांची नोंद आता देशभर एकाच ठिकाणी असते. थकलेले चलान तिथे दिसत राहते, कोर्टात जाते आणि पुढे गाडीचे कागद बदलताना आडवे येते. दुसरे म्हणाले, "भांडा." भांडता येते. 2021 मध्ये आलेल्या नियम 167-अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलानाची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असते आणि कॅमेऱ्याच्या अलीकडे सूचनेची पाटी लागते. फोटोत दुसऱ्याची गाडी असेल, नंबर चुकला असेल, तर पैसे भरण्याआधी तक्रार करावी, कारण पैसे भरले की गुन्हा कबूल केल्यासारखे होते. परंतु खटला चालतो तो जिथे गुन्हा घडला तिथल्या कोर्टात. नाशिकहून तिथे जाण्या-येण्याचा खर्च दंडाहून जास्त. आणि मुख्य म्हणजे आमची चूक खरी होती.

पण कुणाची? पोरीने मोटार वाहन कायद्याचे कलम 183 वाचून दाखवले. हलक्या वाहनाला एक ते दोन हजार दंड. जो वेगाने चालवतो त्याला, आणि जो आपल्या नोकराला किंवा हाताखालच्या माणसाला तसे चालवायला लावतो त्यालाही. आम्ही काही त्याचे मालक नव्हतो, त्यामुळे कायदा आम्हाला धरणार नाही. पण ते वाक्य ऐकून घरात कुणी बोलेना. "दाब ना रे भाऊ" हे शब्द आमचेच होते. तिसरीतल्या पोरीने पाटी वाचली होती आणि दहा मोठी माणसे हसली होती.

शेवटी आजीच म्हणाली, "दर्शन आपल्याला झालं आणि दंड त्याला का?" पाच घरांनी दोनशे-दोनशे काढले. पोरीने सरकारी संकेतस्थळावरच दंड भरला, पावती काढली आणि आम्ही ती मालकाच्या हातात दिली. त्या पोराची हजेरी कापली गेली नाही. तो पैसे नको म्हणत होता. आम्ही ऐकले नाही.

पावतीची एक प्रत आमच्याकडे घडी घालून ठेवली आहे. आता सहल ठरली की पहिली जबाबदारी तिसरीतल्या त्या पोरीवर असते. ती आता मोठ्या वर्गात गेली आहे. पुढच्या सीटवर बसून पाट्या तीच वाचते, आणि वाचली की मागे वळून बघते, कुणी हसते का म्हणून.