फाईल माळ्यावर टाकू नका

मोठ्या आजाराचे ऑपरेशन झाले की घरातल्या सगळ्यांना डॉक्टरांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचे असते, 'आता पुन्हा होणार नाही.' ते मिळाले नाही की आपण टक्के विचारतो. टक्के चांगले निघाले की ते वाक्य आपणच मनातल्या मनात म्हणून टाकतो.

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या आजारात हेच झाले. झाशी जिल्ह्यातले गुरसराय हे आमचे गाव. मराठेशाहीत बुंदेलखंडात येऊन इथेच रुजलेल्या घरांपैकी आमचे एक. २०१२ साली जाऊबाई ५२ वर्षांच्या होत्या. पाळी जाऊन तीन वर्षे झाली असताना पुन्हा रक्तस्राव होऊ लागला. 'या वयात होते असे,' म्हणून शेजारणींनी समजूत घातली, पण जाऊबाईंनी झाशी गाठून तपासून घेतले. अंडाशयात गाठ निघाली. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढली. स्लाइड्स मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दाखवल्या, तेव्हा गाठीचे नाव नक्की झाले: ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर.

अंडाशयाच्या कर्करोगांत या दुर्मीळ गाठीचा वाटा १०० त जेमतेम २ ते ५. ती इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते. त्यामुळे रक्तस्राव होतो आणि गाठ बहुधा लवकर सापडते. ती अंडाशयापुरतीच असेल, तर ५ वर्षांनी १०० पैकी ९० च्या आसपास किंवा त्याहून जास्त बायका हयात असतात. हा आकडा ऐकून घरात पेढे आले.

डॉक्टरांनी मात्र आणखीही एक सांगितले होते. ही गाठ संथ चालीची. परतलीच तर ५, १०, कधी २० वर्षांनंतरही परतते.

कोणाची परतेल, हे आधी कळते का? थोडेफार. गाठ अंडाशयाबाहेर पसरली होती का, अखंड निघाली की फुटली, सगळी काढता आली का, यावर अंदाज बांधतात. या गाठी इन्हिबिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. ते मोजून गाठीवर नजर ठेवता येते, हे १९८९ साली दाखवले गेले. २००९ साली प्रौढ वयातल्या अशा जवळजवळ सर्व गाठींत एकाच जनुकातला एकच बदल सापडला. त्याने रोगाची ओळख पक्की झाली. पण जो बदल सगळ्यांतच असतो, तो कोणाचा रोग परतेल हे कसे सांगणार? शिवाय रोग दुर्मीळ, म्हणून कुठल्याही एका रुग्णालयात रुग्ण थोडेच. टक्के निघतात ते अनेक वर्षांच्या, अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करून. ते शंभर जणींचे असतात. आपली बाई त्यांतली कितवी, हे त्यांत लिहिलेले नसते.

२०१७ मध्ये पाच वर्षे पुरी झाली. सासूबाई म्हणाल्या, "आता दवाखान्याचे नाव नको घरात." मोठ्या दिरांनी फाईल माळ्यावर टाकली. जाऊबाईंनी स्टूल लावून ती खाली काढली. "डॉक्टरांनी पाच वर्षे नाही, कायम म्हटलंय," एवढेच बोलल्या. ठणठणीत बाईने दरवर्षी बसभाडे आणि तपासणीचा खर्च करावा, हे घरात कोणालाच पटत नव्हते. त्या मात्र शिलाईच्या पैशांतून जात राहिल्या.

२०२३ मध्ये इन्हिबिनचा आकडा वाढलेला आला. तपासणी पुन्हा केली, तरी वाढलेलाच. सीटी स्कॅनमध्ये ओटीपोटात लिंबाएवढी गाठ दिसली. दुखणे-खुपणे काहीच नव्हते. दुसरे ऑपरेशन झाले, गाठ पूर्ण निघाली. आज जाऊबाई घरचे सगळे करतात. आता पेढे कोणी आणत नाही. तपासणीची तारीख मात्र मोठे दीरच कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

तुमच्या घरी असे दुखणे झाले असेल, तर डॉक्टरांना टक्क्यांबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: तपासण्या कोणत्या, किती दिवसांनी आणि किती वर्षे? ऑपरेशनचा कागद, गाठीचा अहवाल आणि रक्ताचे जुने आकडे एका जागी ठेवा. नवा आकडा वाढला की नाही, हे जुन्यावरूनच कळते. पुढचे भाकीत कोणाच्याच हाती नाही. वेळेवर तपासणीला जाणे मात्र आपल्या हाती आहे.