माझ्या मराठीचा हेल

ऑफिसात सगळे म्हणतात, तुझ्या मराठीला हेल आहे. असणारच! सालेकसा हे माझं गाव. छत्तीसगडच्या सीमेलगत, गोंदिया-दुर्ग रेल्वेमार्गावर. मराठी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी... लहानपणापासून सगळंच कानावर पडलेलं.

परवा शनिवारी म्हटलं, हा हेल एकदा मोजूनच टाकू.

याची सुरुवात जुनी आहे. १९१३ साली मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन'मधली २०,००० अक्षरं हाताने मोजली. त्यात ८,६३८ स्वर निघाले. स्वरामागून पुन्हा स्वर येण्याची शक्यता १२.८ टक्के, आणि व्यंजनामागून स्वर येण्याची ६६.३ टक्के. त्याच्या साखळीवरून पुढे आवाज ओळखणारी मॉडेल्स निघाली. रेकॉर्डिंग दिलं की कुठे स्वर संपला, कुठे व्यंजन लागलं, ते बारीक तुकडे पाडून सांगतात. मग लागोपाठच्या दोन स्वरांच्या लांबीत किती फरक, ते बघायचं. ग्रेब आणि लो यांनी २००२ साली असंच मोजलं. इंग्रजीत हा फरक मोठा, फ्रेंचमध्ये कमी. म्हणजे भाषेचा ठेका आकड्यात!

मी तीन रेकॉर्डिंग घेतली (अर्थात विचारून). आईशी फोनवर बोलणारा मी, मीटिंगमधला मी, आणि एक पुणेकर मित्र. वाटलं होतं, माझी दोन्ही जवळजवळ येतील आणि मित्र लांब पडेल. झालं उलटंच. मीटिंगमधला मी मित्राला चिकटलो, आणि फोनवरचा मी एकटा पडलो.

तीन रेकॉर्डिंगवरून काही सिद्ध होत नाही, हे कळतं मला. शिवाय अमालिया आर्वानिती यांनी २०१२ साली दाखवून दिलंय की माणूस बदलला, बोलण्याचा प्रसंग बदलला की हे आकडेही हलतात. त्यामुळे त्यावरून भाषांना लेबलं लावता येत नाहीत. पण मला ते आकडे बघून कसंतरीच झालं. हेल घालवायला मी इतकी मेहनत कधी घेतली? आणि लोक ज्याला हसतात तो हेल बहुतेक मीटिंगमधल्या उरल्यासुरल्या चार शब्दांतलाच.

रात्री आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबू, याले कम्पुटर कायले पायजे? तुझं हॅलो आयकलं का मले समजते, तू ऑफिसात हायस का घरी."

तेव्हा मी घरीच होतो. तिला विचारलं नाही, हॅलो कुठलं वाटलं ते.