सातपूरची रोपे

नाशिकला येणारा पाहुणा रामकुंडात पाय बुडवतो, काळारामाचे दर्शन घेतो, पांडवलेण्यांना लांबूनच हात जोडतो आणि वेळ उरला तर त्र्यंबकेश्वरी जाऊन येतो. त्र्यंबकला जाताना त्याची गाडी सातपुरातूनच जाते. पण "सातपूर पाहिले" असे सांगणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे. यात पाहुण्याचा काही दोष नाही. तुमच्या गावात पाहण्यासारखे काय, असे खुद्द सातपूरकराला विचारले तरी तो क्षणभर डोके खाजवतो आणि म्हणतो, "कंपन्या!"

गाव तसे जुने. नंदिनी नदीच्या काठचे, शेतीवर जगणारे. पौषातल्या वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या भेटीसाठी त्र्यंबकला निघालेल्या दिंड्या याच रस्त्याने जात, आजही जातात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूरच्या शेतांत नांगराऐवजी यंत्रे चालू लागली. गावाला स्वतःची नगरपालिका होती, तीही १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिकेत विरून गेली. राहिले ते नाव. नावांच्या बाबतीत मात्र हा रस्ता मोठा चिवट आहे. मायको कंपनीने २००८ साली आपले नाव बदलून बॉश केले, पण मायको सर्कलने ते मनावर घेतलेले नाही.

याच रस्त्यावर एका चौकाचे नाव पपया नर्सरी असे आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्द दिसला की तो उलटून पाहायची खोड असते. नर्स आणि नर्सरी ही इंग्रजीतली सख्खी भावंडे. दोघांचे मूळ पोषण करण्याच्या एकाच लॅटिन धातूत. आपली 'परिचारिका' आली 'परि' आणि 'चर्' यांपासून. भोवती वावरते, फिरते ती. पोसणारी आणि फिरणारी, हे दोन्ही अर्थ एकाच बाईच्या वाट्याला यावेत याचे मला पूर्वी नवल वाटत नसे. अलीकडे वाटू लागले आहे, आणि त्याला कारण सातपुरातले एक घर.

त्या घरातली मुलगी अकरावी-बारावीला माझ्या मराठीच्या वर्गात होती. विज्ञान शाखेची मुले मराठीच्या तासाला बहुधा रसायनशास्त्राची वही पुरी करतात. ही ऐकत असे. पुढे ती नर्सिंगची पदवीधर झाली आणि एका खासगी इस्पितळात लागली. गेल्या वर्षी एके दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. "सर, पोरगी जर्मनीला जायचं म्हणते. तुमचं ऐकेल. जरा समजावून सांगा."

काय समजावून सांगायचे, ते त्यांनी सांगितले नाही. मी एका रविवारी गेलो.

वडील मूळचे धुळे जिल्ह्यातले. आयटीआय करून टर्नर म्हणून सातपुरात आले, एका खोलीत चौघे मिळून राहिले आणि पाळ्या करून एका कारखान्यातून निवृत्त झाले. सातपुरातल्या निम्म्या घरांची कथा थोड्याफार फरकाने हीच असेल. कोणी जळगावकडचा, कोणी नगरकडचा, कोणी मराठवाड्याचा. प्रत्येकाच्या गावी एक म्हातारी मागे राहिलेली. या घरातली म्हातारी मात्र आता सातपुरात होती. खुबा मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली, भिंतीकडच्या पलंगावर.

मुलगी रात्रपाळी करून आलेली होती. तशाच जागरणाच्या डोळ्यांनी तिने आजीचे अंग पुसले, कूस बदलली, टाचेखालची उशी सारखी केली आणि मग माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. तिच्या वहीत दोन रकाने होते. एकीकडे मराठी शब्द, दुसरीकडे जर्मन, पण देवनागरीत लिहिलेले. ठसठसणे म्हणजे पोखेंड. आग होणे म्हणजे ब्रेनेंड. टोचल्यासारखे म्हणजे श्टेखेंड. ओढ लागल्यासारखे म्हणजे त्सिएंड.

"सर, 'सणक' आणि 'कळ' यांत काय फरक?" तिने विचारले.

वीस वर्षे शिकवतो आहे. असा नेमका प्रश्न मला परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. सणक एकदम येते आणि जाते, कळ येते ती धरून राहते, असे मी सांगितले. ठणका, चमक, ठसठस, मुंग्या, गोळा, उसण. आपल्या भाषेने दुखण्याला किती नावे ठेवली आहेत! जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे त्यांच्या बी-दोन पातळीपर्यंत भाषा यावी लागते. मला ही अट कागदी वाटली होती. वही पाहिल्यावर कळले, की ज्या बाईला रोग्याचे 'कसे दुखते' कळत नाही, तिच्या हातात औषधाची बाटली देऊन उपयोग काय?

वडिलांचा आक्षेप भाषेचा नव्हता. पैशाचाही नव्हता, तिचा इथला पगार त्यांनी मला सांगितला तेव्हा मीच विषय बदलला होता. ते म्हणाले, "सर, तिकडे म्हणे रोग्याला आंघोळ घालायची, भरवायचं, सगळं नर्सनंच करायचं. इथे ते घरचे करतात. म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांना भरवायला आमची पोर, आणि या म्हातारीला कोण?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आणि हा एका टर्नरचा प्रश्न नाही, हे घरी येऊन वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात २०१८ सालचा हिशेब आहे. जगात परिचारिकांची तूट ५९ लाखांची, आणि त्यातली सुमारे ८९ टक्के गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत. तरीही दर आठ परिचारिकांतली एक, जिथे जन्मली किंवा शिकली त्या देशाबाहेर काम करते. म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी कमी, त्याच्याच विहिरीवर शेजाऱ्याची मोट! जर्मनीत म्हातारी माणसे वाढली आणि त्यांच्याकडे बघणारे हात कमी पडले. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत.

ही वाट आपल्याला नवी, केरळला नाही. १९६० नंतरच्या दशकात तिथल्या हजारो मुली चर्चच्या ओळखीने जर्मनीत नर्सिंगला गेल्या. म्हणजे आमच्या सातपुरात कारखाने येत होते, त्याच सुमारास. आमच्या लहानपणी तर इस्पितळातली सिस्टर म्हणजे केरळची, असे समीकरणच होते. ती आपले मोडके मराठी बोलून आपल्याला सुई टोचायची आणि आपण तिच्या उच्चारांना हसायचो. तिची आई कोट्टायमला कोणाच्या भरवशावर होती, हे आपण कधी विचारले?

महाराष्ट्रात मुलीने शिकायला समुद्र ओलांडायचा म्हटले की जाहीर खुलासा द्यावा लागे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या तेव्हा त्यांना बंगालात सेरामपूरला सभेपुढे उभे राहून आपण का जातो ते सांगावे लागले होते. आमच्या या मुलीची सभा दहा बाय बाराच्या खोलीत भरली होती, एवढाच फरक. अध्यक्षपद माझ्याकडे आले होते आणि अध्यक्ष बोलत नव्हता.

बोलली ती पलंगावरची आजी. इतका वेळ ती झोपली आहे असे आम्ही समजत होतो. अहिराणीत, मुलाकडे न बघता ती म्हणाली, "हाऊ सातपूरले उना, तवय माले कोनी इचारं व्हतं का?"

खोलीत कोणी काही बोलेना. टर्नरसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. तरणा मुलगा गाव सोडून निघाला तेव्हा त्या बाईच्या पाठीमागे कोण आहे, हे कोणी मोजले नव्हते. मुलगा होता, कमवायला चालला होता, म्हणून त्याचे जाणे हे जाणे नव्हतेच; ती प्रगती होती. मुलगी निघाली की मात्र घरातल्या प्रत्येक दुखण्याचा हिशेब तिच्या नावावर मांडला जातो. हे त्या निरक्षर बाईने एका वाक्यात मांडले. मला त्यासाठी एक पान लागते आहे.

मग कागदपत्रे सुरू झाली. ती पाहताना मला नाशिकची एक गंमत उमगली. तिची पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. ते १९९८ पासून इथेच, म्हसरूळला आहे. आणि पासपोर्टची ती निळी पुस्तिका छापली जाते नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. राज्यातली मुलगी नर्सिंगची पदवी घेऊन कोठेही निघो, तिच्या पिशवीत नाशिकची ही दोन पाने असायचीच. आपण तीर्थक्षेत्राचे गाव म्हणून मिरवतो, पण लोकांना दूर पाठवण्याचे साहित्यही इथेच तयार होते, हे काही कोणी पाहुण्याला दाखवत नाही.

जर्मनीत परिचारिकेला पूर्वी 'क्रांकेनश्वेस्टर' म्हणत. शब्दशः, आजाऱ्यांची बहीण. आता कायद्याने तिचे नाव 'फ्लेगेफाखफ्राऊ' झाले आहे, म्हणजे शुश्रूषेतली तज्ज्ञ. मला हा बदल आवडला. बहीण म्हटले की काम मायेचे होते, आणि मायेचा पगार कोणी मागू नये अशी आपली समजूत असते. तज्ज्ञ म्हटले की काम शिकावे लागते. आणि जे शिकता येते ते शिकवताही येते.

हे शेवटचे तिला माझ्याआधी कळले होते. जाण्यापूर्वीचे दोन महिने तिने घरात वर्ग चालवला. विद्यार्थी दोन, आई आणि धाकटा भाऊ. भाऊ आयटीआयत फिटरच्या अभ्यासाला आहे. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी का बदलायची, टाच आणि माकडहाड लाल झाले तर काय समजायचे, चादरीला चुणी का राहू द्यायची नाही, पाणी पाजताना मान किती उचलायची. आईला यातले बरेच येत होते. भावाला काहीच येत नव्हते. पहिल्या दिवशी तो लाजला. "हे बायकांचं काम," म्हणाला. त्यावर बहिणीने विचारले, "लेथवरचा जॉब फिरवतोस ना? मग आजीला फिरवायला काय झालं? हिला तर ओरखडाही पडता कामा नये." टर्नरच्या मुलाला ही भाषा समजली.

ती आता श्टुटगार्टजवळच्या एका गावात आहे. रविवारी फोनच्या पडद्यावर दिसते, आजीची टाच दाखवायला सांगते आणि मगच बाकीचे बोलते. आजीला ती दिसते की नाही कोण जाणे. आवाज मात्र ओळखते. सगळे छान झाले, असे मी म्हणणार नाही. रात्री दोनच्या पाळीला भाऊ कधी कधी झोपून जातो. आईची कंबर धरते. आणि ज्या वॉर्डातून ती गेली तिथे तिच्या जागी अजून कोणी आले नाही, असे तिच्या मैत्रिणीने मला सांगितले. त्या वॉर्डातल्या रोग्याला श्टुटगार्टच्या म्हाताऱ्यांचा काय उपयोग?

नर्सरीत रोप वाढवतात ते दुसरीकडे लावण्यासाठीच. माळी त्यावर रडत बसत नाही. पण शहाणा माळी रोप उचलले की तिथली माती पुन्हा भरतो, नवे बी टाकतो. सरकारने ती माती भरावी, इस्पितळांनी भरावी, हे आहेच. घरांनीही भरली पाहिजे.

दसऱ्याला त्या घरी गेलो होतो तेव्हा भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक तक्ता पाहिला. तिच्याच अक्षरातला. वेळ, डावी कूस, उजवी कूस, सही. सकाळच्या सह्या आईच्या. दुपारच्या वडिलांच्या, कारखान्याच्या हजेरीपत्रकावर करावी तशा पल्लेदार. आणि रात्रीच्या रकान्यात, दोन-तीन कोऱ्या जागा सोडल्या तर, भावाची सही होती.