कातडं तेच, मग विटाळ आला कुठून?

‘आपल्या बापजाद्यांनी डफडं सोडलं, मग जयंतीत हलगी कशाला?’ हा प्रश्न आपल्या शिबिरांत हमखास निघतो. माझ्या आजोबांनी १९५६ नंतर गावकीचं वाजवणं बंद केलं. त्या नकाराचा मला अभिमान आहे. पण आजोबांनी नेमकं काय नाकारलं, वाद्य की व्यवस्था? हे तपासायला योरुबा समाजाचे कोरीव ढोल उपयोगी पडतात.

योरुबा लोक नैऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमधले. त्यांच्यात देवतेप्रमाणे ढोल ठरलेला: शांगोसाठी बाता, ओबातालासाठी पायांवर उभा राहणारा इग्बिन. ओग्बोनी ही ज्येष्ठांची संस्था; राजावरही तिचा अंकुश असे. तिचा ‘अग्बा’ ढोल अखंड ओंडक्यातून कोरतात, त्यावर कातडं लाकडी खुंट्यांनी ताणतात. अंगावर उठावात चेहरे, साप आणि पायांच्या जागी मासे असलेली मानवाकृती. संस्थेचा अधिकार या कोरीवकामात डोळ्यांना दिसतो, ढोल वाजला की कानांवर पडतो.

योरुबा भाषेत सुराच्या तीन पातळ्या आहेत. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. ढोलावर तेच चढउतार काढता येतात, म्हणून ढोल बोलतो. माणसाची, घराण्याची थोरवी सांगतो. वादनाची देवता आयान. वादक घराण्यांतल्या मुलांच्या नावाची सुरुवातच ‘आयान’नं होते.

आता बघा. लाकूड तिथंही, जनावराचं कातडं तिथंही, पिढीजात वादन तिथंही. पण कातड्याला हात लावला म्हणून तिथला वादक अस्पृश्य ठरला नाही. आपल्याकडे त्याच कातड्याच्या नावावर माणसं गावकुसाबाहेर ठेवली. म्हणजे विटाळ कातड्यात नव्हताच, तो जातीनं चिकटवला.

योरुबा समाज आदर्श होता असं मी म्हणत नाही. तिथं राजे होते, गुलामी होती, ढोल राजाचीही स्तुती करत. ढोलात देवता वसते, हेही बौद्ध म्हणून मला मान्य नाही. पण गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या योरुबांनी क्यूबात बाता पुन्हा घडवला, तो मालकाच्या हुकमावरून घडवला नव्हता.

आपली कसोटीही हीच हवी: वाजवायला सांगतो कोण? पाटलाच्या दारात बलुत्यापोटी वाजवणं ही गुलामी होती. जलशात, मोर्चात स्वतःच्या मर्जीनं हलगी कडाडते, तेव्हा आजोबांचा नकारच पुढं चाललेला असतो.

जय भीम!